डचमध्ये 'भारतीय' म्हणताना या चुका टाळा

मराठी माणूस डच शिकताना देशवाचक विशेषणांत अडखळतो, त्याचं मूळ मराठीतच आहे. आपण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणतो, पण 'भारतीय', 'जपानी' ही विशेषणं जागची हलत नाहीत. डचमध्ये तीही बदलतात.

'इंडियास' म्हणजे भारतीय. पुरुष असो वा बाई, 'अन इंडियासं मान', 'अन इंडियासं फ्राउ' ('अन' म्हणजे 'एक'). शेवटी रोमन लिपीतलं 'ई' (e) हे अक्षर लागतं. उच्चार मात्र आपल्या 'चांगलं'मधल्या 'लं'सारखा. नामाआधी हे 'ई' गळतं ते एकाच परिस्थितीत: नाम 'हेट' (काही नामांआधी लागणारा, इंग्रजी 'द'सारखा शब्द) घेणारं, एकवचनी, आणि त्याच्याआधी 'हेट', 'हे', 'माझं' असं निश्चित काही नसेल तर. म्हणून 'अन इंडियास रेस्तोरां', पण 'हेट इंडियासं रेस्तोरां'. 'जेवण भारतीय आहे' म्हणताना विशेषण नामानंतर येतं, तिथे 'ई' कधीच नाही: 'हेट एटन इस इंडियास'. लिहिताना आणखी एक: 'इंडियास'मध्ये 'ए' (a) हे अक्षर दोनदा येतं; 'ई' जोडलं की एकदाच.

सगळ्यात टाळायची चूक म्हणजे 'इंडियास'च्या जागी 'इंडिस' म्हणणं. 'इंडिस' म्हणजे डच ईस्ट इंडिजचं, आजच्या इंडोनेशियाशी जोडलेलं. ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेला 'इंडिस' नावाची वस्ती आहे. तिथल्या पाट्या वाचा: जावा, सुमात्रा, ही इंडोनेशियातल्या बेटांची नावं. 'इंडिस' जेवणात भाताभोवती छोट्या छोट्या वाट्या मांडतात, त्यात इंडोनेशियन वळणाचे पदार्थ असतात. 1949 मध्ये इंडोनेशियातली डच सत्ता गेली, त्याच्या आगेमागे तिथून नेदरलँड्सला आलेल्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची ओळखही याच शब्दात आहे. त्यांची ओळख आपण चुकूनही आपल्या नावावर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. 'इंडियान्स' तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं. आणि नेदरलँड्समध्ये कुणी स्वतःला 'हिंदुस्तानी' म्हणालं, तर त्यांचे पूर्वज बहुधा 1873 पासून पुढे भारतातून मजूर म्हणून सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेले असतात.

स्वतःची ओळख करून देताना 'अन' लावू नका. पुरुषाने 'इक बेन इंडियर' म्हणावं. बाईसाठी विशेषणच 'ई' लावून नाम होतं: 'इक बेन इंडियासं'.

भाषेच्या नावाला मात्र 'ई' नाही. 'इक स्प्रेक फ्रान्स' म्हणजे 'मी फ्रेंच बोलतो'. फ्रान्स हा देश मात्र डचमध्ये 'फ्रांकरेइक'.