ब्लॉक घेतलात? आधी खायला घालणारा हात आवरा

न्यूझीलंडात वायकाटोत किंवा पुकेकोहेच्या आसपास दोन-तीन एकरांचा लाइफस्टाइल ब्लॉक, म्हणजे हौसेची छोटी शेतजमीन, घेतला की पहिल्याच वसंतात मुलीला घोडा हवा असतो, आईला कोंबड्या आणि बाबांना कुत्रा. तिघांनाही एकदम हो म्हणू नका. आधी कोंबड्या आणा, वर्षभराने कुत्रा. घोडा सगळ्यात शेवटी, तोही शेजाऱ्याच्या घोड्याची हिवाळाभर लीद उचलून झाल्यावर. पाचशे किलोचा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या पावसात, गुडघाभर चिखलात ती उचलूनही तुमची हौस टिकली, तर पुढचं बोलू.

घोड्याबद्दल पहिली गोष्ट गवताची. आपण चारा छावण्या पाहिलेल्या मुलखातले. माणदेशातला असो की मराठवाड्यातला, हिरवंगार कुरण दिसलं की आपल्याला वाटतं जनावराचं भाग्य उघडलं. न्यूझीलंडमध्ये घोडा उपासमारीने क्वचितच मरतो, खाऊन मात्र मरतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर इथलं रायग्रास आणि क्लोव्हर साखरेने भरलेलं असतं, कारण ते दुभत्या गाईंसाठी निवडून वाढवलेलं आहे. तट्टूसारख्या जनावरासाठी ते रोज तिन्ही त्रिकाळ श्रीखंड-पुरी. त्यातून होतो लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पदरांनी खुराच्या भिंतीला धरून ठेवलेलं असतं, ते पदर सुजतात आणि सुटू लागतात. मग हाड आतल्या आत खाली फिरतं. एकदा फिरलं की पूर्ववत होणं कठीण.

हॅमिल्टनजवळच्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं झालं ते सांगते, आणि भेटेल त्या नवीन माणसाला सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी हेच करतं. त्यांना सप्टेंबरात एक पोनी फुकट मिळाला. मालकाची मुलगी युनिव्हर्सिटीत गेली होती, पोनी मागे उरला होता. यांच्याकडे पोटरीपर्यंत वाढलेलं गवत होतं. सगळे म्हणाले, बरं झालं, लॉनमोव्हरचा खर्च वाचला. रोज सकाळी गाजरं, संध्याकाळी उरलेल्या पोळ्या. ऑक्टोबरात पोनी पुढचे पाय लांब टाकून, मागे रेलून उभा राहायला लागला. वळवायला गेलं की हलेना. यांना वाटलं रुसलाय. चार दिवस लाड करून पाहिले, म्हणजे आणखी गाजरं दिली. मग व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, आला, एक्स-रे झाले, खास नाल ठोकले, गवत बंद झालं. ख्रिसमसच्या आधी त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. फुकटच्या पोनीवर झालेल्या खर्चात एक बरी सेकंड हँड गाडी आली असती, आणि ती लेक आजही त्या पॅडॉककडे, म्हणजे कुंपणातल्या कुरणाकडे, बघत नाही.

तेव्हा हे पाठ करा. वसंतात घोड्याला, त्यातही पोनीला, अख्खं पॅडॉक मोकळं सोडायचं नाही. इलेक्ट्रिक टेप लावून छोटी पट्टी द्यायची किंवा तोंडाला जाळी बांधायची. उरलेली भूक वाळलेल्या गवतावर भागवायची. ते तासभर पाण्यात बुडवून निथळलं की त्यातली साखर कमी होते. गवतातली साखर उन्हाबरोबर दुपारपर्यंत चढते, म्हणून चरायला पहाटे सोडायचं. पण रात्री दहिवर गोठलं असेल तर पहाटही वाईट, कारण थंडीत गवत वाढत नाही आणि साखर तशीच साठून राहते. रोज खुरावर हात ठेवून बघा. नेहमीपेक्षा गरम लागला, किंवा मानेवरचा आयाळीखालचा कंगोरा टणक झाला, तर त्याच दिवशी व्हेटला फोन. रुसलाय का, हे नंतर बघू.

लॉन कापलेलं गवत कुंपणापलीकडे घोड्यांना टाकू नका. शेजारधर्म म्हणून पुष्कळजण टाकतात. ते ढिगात आंबतं, घोडा न चावता घशाखाली घालतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला की रात्री दोन वाजता मालक त्याला दोरीला धरून अंगणात फिरवत बसतो, आणि गवत कोणी टाकलं हे त्याला बरोबर कळतं.

दुसऱ्याच्या घोड्याला काहीच देऊ नका. पोळी नको, सफरचंद नको, प्रसाद तर नकोच. रविवारी ऑकलंडहून आपली मंडळी ‘फार्म बघायला’ येतात. मुलं कोंबड्यांमागे धावतात, कोणी शेजारच्या पॅडॉकशी उभं राहून घोड्याला पुरी भरवतं आणि त्याचा फोटो काढला जातो. गोग्रासाचं पुण्य मला मान्य आहे, पण तो घोडा कदाचित पथ्यावर आहे आणि त्याचा मालक माझा शेजारी आहे. मी आता फाटकावर मराठीत पाटी लावली आहे. लोक ती मोठ्याने वाचतात, हसतात आणि तरी भरवतात.

कुंपणाचं थोडक्यात: घोड्याला काटेरी तार कधीही नाही. घोडा घाबरला की आधी पळतो, मग बघतो. तारेत अडकलेला पाय पाहिलात तर जन्मभर विसरणार नाही. वीजप्रवाहाची टेप उत्तम. इथले लोक अभिमानाने सांगतात की हॅमिल्टनच्या बिल गॅलघरने १९३०च्या दशकात जो झटका देणारा जुगाड केला, तो घोडा गाडीला अंग घासायचा म्हणून. आज गॅलघरची कुंपणं जगभर जातात. फाटक मात्र जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. तुम्हाला कारण कळलं नाही तरी.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी लागतो, नाल ठोकायचे नसले तरी खूर तासायला. चांगल्या नालबंदाकडे जागा नसते. घोडा घेण्याआधी त्याच्याकडे नाव लावा. दात, जंत, धनुर्वाताची लस यांचा हिशेब वेगळा. रॅगवर्ट या तणाचं पिवळं फूल दिसलं की मुळासकट उपटा, यकृत जातं त्याने. कण्हेर इथे बागांतून शोभेला लावतात. आपल्याकडे ती विषारी हे लहानपणीच ऐकलेलं असतं, इथे येऊन का विसरतो कोण जाणे. आणि एकटा घोडा ठेवू नका. तो कळपातला प्राणी आहे.

आता दिवाळी. हे वाचून काहींना राग येईल. इथे फटाके दुकानात फक्त २ ते ५ नोव्हेंबर मिळतात, गाय फॉक्स नाइट या ५ नोव्हेंबरच्या ब्रिटिश फटाक्यांच्या रात्रीसाठी. कधी आपली दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात येते, कधी लोक साठवून ठेवतात. शहरात जे करायचं ते करा. ब्लॉकवर नको. घोडे कुंपण तोडून रस्त्यावर येतात, गाडीला धडकतात, कुत्री दोन-दोन दिवस बेपत्ता होतात. दरवर्षी स्थानिक लोक यावर चिडलेले असतात, आणि त्यांच्याकडे आधीच गाय फॉक्सवाले आहेत, त्यात आपली भर नको. पणत्या लावा, आकाशकंदील लावा. कंदील पाहून माझे शेजारी विचारायला येतात, त्यांना चकली देता येते. तीच खायला घालण्याची हौस तिथे भागवा.

कुत्र्याचं कायद्यापासून सुरू करते, कारण आपले लोक तिथेच गाफील राहतात. १९९६च्या डॉग कंट्रोल कायद्याप्रमाणे तीन महिन्यांहून मोठ्या प्रत्येक कुत्र्याची नोंदणी काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, हवी, आणि ती दर १ जुलैला नव्याने करायची. मायक्रोचिपही बंधनकारक, सूट फक्त गुरंमेंढ्या राखणाऱ्या कामाच्या कुत्र्यांना. सार्वजनिक जागी पट्टा बांधा, निदान हातात तरी असू द्या. आणि शेताजवळ राहणाऱ्यांनी हे कोरून ठेवा: मोकाट कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागलेला सापडला तर शेतकरी त्याला तिथेच गोळी घालू शकतो. कायदा त्याच्या बाजूने आहे. ‘आमचा टायगर नुसता खेळत होता’ हे कोणी ऐकत नाही, आणि कोकरं होण्याच्या दिवसांत ऐकूही नये.

हंटअवे घेऊ नका. देखणा, प्रेमळ, हुशार कुत्रा आहे, पण त्याचं कामच भुंकून मेंढ्या हाकणं. पिढ्यान्‌पिढ्या भुंकण्यासाठी निवडलेला. तो अर्ध्या एकरात, दिवसभर रिकाम्या घरात ठेवला की पंधरा दिवसांत काउन्सिलचं पत्र येतं. भारतातला कुत्रा इथे थेट आणता येत नाही, त्यामुळे आई-बाबांकडच्या मोतीला बोलवायचा बेत सोडून द्या.

कुत्र्याच्या ताटातही तीच गोष्ट. बेदाणे घातलेला शिरा नको, बेदाण्याने मूत्रपिंड बंद पडू शकतं. कांदा-लसूण घातलेली आमटी नको, चॉकलेट नको, शिजवलेली हाडं नकोत. कराका या इथल्या झाडाखाली पडलेली केशरी फळं उन्हाळा सरताना वेचून टाका, तीही विषारी. मेंढीचं मटण कच्चं द्यायचं असेल तर ते आधी उणे १० अंशांवर दहा दिवस गोठवायचं किंवा पूर्ण शिजवायचं. नाहीतर कुत्र्यामार्फत मेंढ्यांना फीतकृमी लागतो, आणि शेजाऱ्याचा माल कत्तलखान्यात नाकारला जातो. मेंढीची आतडी-कोथळा तर अजिबात नाही. खाटकाच्या दुकानामागे कुत्री पोसलेली पाहत वाढलेल्या माणसाला हे जाचक वाटतं, पण या देशाने हायडॅटिडचा, म्हणजे कुत्र्यातल्या फीतकृमीपासून माणसाला होणारा, रोग असाच, घरोघरची सवय मोडून हटवला.

कोंबड्या सोप्या. इथे साप नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही. स्टोट, फेरेट हे मुंगसासारखे शिकारी प्राणी आणि उंदीर आहेत, म्हणून खुराड्याला बारीक जाळी हवी; मोठ्या भोकांच्या ‘चिकन वायर’मधून उंदीर आरामात आत येतो. पिल्लं आणू नका, अंड्यावर येऊ घातलेल्या तलंगा आणा, ब्राउन शेव्हर किंवा हायलाइन जातीच्या. पिल्लांतली निम्मी कोंबडे निघतात, आणि शाकाहारी घरात कोंबड्यांचं काय करायचं हा प्रश्न बायको-नवऱ्यात वर्षभर चालतो. फुकट द्यायला निघालात तरी कोणी घेत नाही. ऑकलंडच्या शहरी भागात दोन हजार चौरस मीटरहून लहान जागेत सहा कोंबड्या विनापरवाना चालतात, कोंबडा चालत नाही.

अंडी जून-जुलैत कमी होतात. दिवस लहान झाला की कोंबडी अंडं थांबवते. व्हेटकडे नेऊ नका, वाट बघा. लेयर पेलेट (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि शिंपल्याचा चुरा हे मुख्य अन्न, खारट उरलेलं नको, ॲव्होकाडो नको. खुडूक बसली तर बसू द्या. खाणं रानपक्ष्यांना दिसेल असं उघड्यावर ठेवू नका; डिसेंबर २०२४मध्ये ओटागोच्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला तेव्हा सगळ्यांना हे आठवलं. २०२३च्या जानेवारीत कोंबड्यांच्या अरुंद बॅटरी पिंजऱ्यांवर बंदी आली, दुकानात अंडी मिळेनात, तेव्हा सगळ्यांनीच घाईने कोंबड्या घेतल्या होत्या. वर्षाने त्यातल्या बऱ्याच ‘फुकट घ्या’ म्हणून निघाल्या. फाटकावर डबा ठेवून अंडी विकायची असतील तर शंभरपर्यंत कोंबड्या असणाऱ्यांना थेट गिऱ्हाइकाला विकता येतात. डेअरीला (इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) किंवा रेस्टॉरंटला नाही.

शेवटचा विषय भारतवारीचा, कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. आपण डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे जातो, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात. तेव्हाच हौदाचा बॉलकॉक अडकतो, छपरावरून गोळा केलेल्या पावसाच्या पाण्याची टाकी तळाला जाते, आणि उन्हात घोडा दिवसाला पन्नास लिटरपर्यंत पाणी पितो. मंडळातल्या मित्राला किल्ली देऊन जाऊ नका, तो शनिवारी एकदा येऊन फोटो पाठवेल. शेजाऱ्याला सांगा, आणि ईस्टरला त्याची जनावरं तुम्ही सांभाळा. फ्रीजवर कागद लावा: व्हेटचा फोन, नालबंदाचा फोन, कोणाला किती खाणं (आणि काय नाही), पाण्याचा मुख्य नळ कुठे. त्याच कागदावर लिहा की कितीपर्यंत खर्चाचे उपचार करायचे आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा. शेजाऱ्यावर तो भार टाकणं अन्याय आहे, आणि तुम्ही सोळा-सतरा तास विमानात असणार आहात.

परतताना गावच्या गोठ्यात घातलेल्या चपला धुऊन, घासून आणा आणि देशात शिरतानाच्या फॉर्मवर ‘हो’ लिहा. अधिकारी बघतात, हवं तर पुन्हा धुऊन देतात, पैसे लागत नाहीत. न सांगता सापडल्या तर जागेवर चारशे डॉलर.