खोऱ्यातली गावं पायी फिरायची असतील तर

नकाशात दोन गावं शेजारी दिसली की आपण खूश होतो, मधे डोंगराची सोंड आडवी आलीये हे बघतच नाही. मीपण एकदा मोबाईलवर सरळ रेषेत ३ किमी बघून निघालेलो, वाट निघाली ६ किमीची आणि वर ३०० मीटर चढ. तेव्हापासून नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा जुना हिशोब धरतो, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे त्या वाटेला साधारण पावणेदोन तास, गप्पा फोटो वेगळे.

आधी कंटूरवाला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घ्या. रेषांना जिथे टोक येतं ते चढाकडे असेल तर ओढा, उताराकडे असेल तर सोंड. डोंगराच्या धारेवर दोन उंचवट्यांच्या मधला खोलगट भाग म्हणजे खिंड, पलीकडच्या गावाची जुनी पायवाट बहुतेक तिथूनच जाते.

खोऱ्यात लगेच उतरू नका. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून तळाला जाऊन बसते, म्हणून सकाळी खाली धुकं आणि वरच्या वाडीत ऊन! तेवढा वेळ वर बसून वाटा बघून घ्या. संध्याकाळी उलटं, सूर्य डोंगराआड लवकर जातो त्यामुळे आपला सूर्यास्त तासभर आधीच धरायचा.

ओढ्याला मात्र अजिबात गृहीत धरू नका. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं असतं आणि पाऊस खोऱ्याच्या वरच्या टोकाला पडत असतो. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या पाला वाहत यायला लागला, आवाज वाढला की जिथे असाल तिथून काठावर या, बूट राहिला तर राहू दे. ओलांडायचाच असेल तर पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल तिथून, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून. गुडघ्याच्या वर ओढ असेल तर सरळ मागे फिरायचं.

आणि वाट विचारताना "ही वाट तिकडेच जाते ना?" असं विचारू नका, समोरचा हो म्हणून मोकळा होतो. "तिकडची वाट कुठली" आणि "किती वेळ लागतो" असं विचारा, तेही दोघांना. मला एका आजींनी "हे काय, त्या झाडामागं" सांगितलेलं, झाडामागं अजून एक ओढा निघाला आणि त्यामागं अजून एक झाड.

नेटवर्क जाणारच, नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा.