सात मिनिटांचं भाषण आणि त्यातली एक गोष्ट

बडोद्यात ११ मार्चला, सयाजीराव महाराजांच्या जयंतीला, बोलायची वेळ आली की बरेच वक्ते जन्मापासून सनावळी सुरू करतात. तिसऱ्या सनाला मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. सगळं चरित्र सांगायचा मोह सोडा आणि एकच गोष्ट नीट सांगा.

आधी भाषणाचं सार एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘ज्याला स्वतःला शिक्षण उशिरा मिळालं, त्याने ते सगळ्यांना सक्तीचं केलं.’ या वाक्याला लागेल तेवढीच गोष्ट घ्यायची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकरी घरातला गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर येतो आणि त्यानंतर त्याचं शिक्षण सुरू होतं. हाच राजा १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करतो आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्यात लागू करतो. राजवाडे, परदेश दौरे, वंशावळ इथे नको.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, निरूपण (विचार उलगडून सांगणं) होतं आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. तिथला श्रोता ऐकायच्या तयारीनेच बसलेला असतो. बक्षीस समारंभ आणि जेवण यांच्यामध्ये अडकलेल्या श्रोत्यासाठी मात्र क्रम उलटा करा: आख्यान आधी, निरूपण नंतर. ‘आदरणीय व्यासपीठ’ एका वाक्यात उरका आणि थेट त्या बारा वर्षांच्या मुलावर या.

मिनिटाला साधारण ११० शब्द धरले, तर सात मिनिटांत पावणेआठशे शब्द होतात. त्यातले तीनशेच्या आत गोष्टीला द्या. लिहून मोठ्याने वाचा, मोबाईलवर वेळ लावा. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं, बाकीचं कार्डावर मुद्द्यांत. संपूर्ण पाठ केलेली गोष्ट एक शब्द विसरला की कोसळते.

गोष्ट रंगवताना खोटं घुसतं, आणि याबाबतीत आमचं मत ठाम आहे. महाराजांनी पाटीवर पहिलं अक्षर कोणतं गिरवलं हे ठाऊक नसेल, तर ते सांगू नका. ‘इथे कशाला आलास?’ या प्रश्नावर ‘राज्य करायला’ असं उत्तर लहानग्या गोपाळने दिल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. ती घ्यायची तर ‘असं सांगतात’ हे शब्द जोडूनच घ्या. सभेत एखादा जाणकार बसलेला असतोच, आणि एक चूक सापडली की खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

इथल्या अनेक तरुणांचं शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात झालेलं असतं. म्हणून ‘प्रजाहितदक्ष’सारखे शब्द टाळून बोलतो तशी मराठी वापरा.

बोलताना नजर डावीकडच्या, उजवीकडच्या आणि अगदी मागच्या एकेका चेहऱ्यावर पूर्ण वाक्यभर ठेवा. माईक तोंडापासून वीतभर लांब. १९०६ च्या वाक्यानंतर दोन सेकंद गप्प राहा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो की…’ सुरू होतं. बोध श्रोत्याला लागलेला असतो. तुम्ही तो पुन्हा सांगितलात की गोष्टीची धार जाते. त्याऐवजी थेट आजच्या कामावर या: वस्तीतली शाळा सोडलेली मुलं, मंडळाची अभ्यासिका, त्यासाठी हवे असलेले स्वयंसेवक.

आयत्या वेळी ‘तीनच मिनिटं’ अशी चिठ्ठी आली, तर निरूपण कापा. गोष्ट त्याच गतीने सांगा, मागणी एका वाक्यात मांडा आणि बसा.