मोठ्या कुत्र्याला कॅराव्हॅनमधून युरोपात नेताना

ब्रिटनहून कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आणि कुत्रा घेऊन इंग्लिश खाडीपलीकडे जायचं असेल तर आधी परतीची वेळ पक्की करा, मग तिथून मागे मोजत बाकीचं आखा. ब्रिटनमध्ये परत शिरण्यापूर्वी कुत्र्याला पट्टकृमीचं, म्हणजे टेपवर्मचं, औषध दिलेलं असावं लागतं, आणि ते पोचण्याच्या वेळेआधी कमीत कमी २४ व जास्तीत जास्त १२० तास या अवधीतच. तुम्ही स्वतः चारलेली गोळी धरली जात नाही. पशुवैद्याने ती देऊन औषधाचं नाव, तारीख, वेळ आणि सही-शिक्का कागदावर टाकायचा असतो.

समजा, शनिवारी दुपारी चारला पोचायचं आहे. मग औषधाचा अवधी सोमवारी दुपारी चारला सुरू होतो आणि शुक्रवारी दुपारी चारला संपतो. सोमवारची वेळ घेऊ नका. बोट रद्द झाली किंवा गाडी रस्त्यात बंद पडली, की १२० तास उलटतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. बुधवार किंवा गुरुवार सकाळ सर्वांत सोयीची. फ्रान्समध्ये रविवारी दवाखाने बंद असतात आणि १५ ऑगस्टला सार्वजनिक सुट्टी असते, हेही कॅलेंडरवर बघून ठेवा. सहल पाच दिवसांच्या आतली असेल तर ब्रिटनमधल्याच डॉक्टरकडून निघण्यापूर्वी औषध देऊन घेता येतं; फक्त २४ तास उलटल्याशिवाय परत शिरायचं नाही.

मोठ्या कुत्र्याची इथे एक खास अडचण आहे. औषधाचा डोस वजनावर ठरतो. प्राझिक्वांटेल हे नेहमीचं औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे ५५ किलोच्या कुत्र्याला ५० मिलिग्रॅमच्या साडेपाच गोळ्या. छोट्या गावातल्या दवाखान्यात तेवढा साठा किंवा एवढा कुत्रा मावेल असा काटा असेलच असं नाही. वेळ घेताना फोनवरच वजन सांगा आणि निघण्याआधी केलेल्या वजनाची चिठ्ठी बरोबर ठेवा.

कागदपत्रं

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये (उत्तर आयर्लंड सोडून) दिलेला पेट पासपोर्ट युरोपीय संघात जायला चालत नाही. दर वेळी नवं अ‍ॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट लागतं, आणि ते युरोपात शिरण्याआधीच्या १० दिवसांत घ्यायचं. सगळ्याच डॉक्टरांना ते देण्याचा अधिकार नसतो, आणि फी दवाखान्यागणिक बरीच वेगळी असते. तीन-चार ठिकाणी विचारा. पहिल्या ज्या देशात उतरणार त्याच्या भाषेतही सर्टिफिकेट हवं, म्हणून फ्रान्समधल्या कॅलेऐवजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला उतरायचं ठरवलं तर दवाखान्याला वेळेवर कळवा.

त्याआधीचा क्रम बदलून चालत नाही: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लस देताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचं असावं, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. लशीचा दिवस या २१ मध्ये धरायचा नाही. लशीची मुदत मध्येच संपली असेल तर पुढची लस पहिलीच समजली जाते आणि पुन्हा २१ दिवस थांबणं आलं. दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी चिप स्कॅन करून घ्या आणि १५ अंकी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी एकेक आकडा लावून बघा. मोठ्या कुत्र्याच्या दाट केसांखाली चिप खांद्यावरून खाली सरकलेली असते कधीकधी. ती नेमकी कुठे सापडते ते ठाऊक असलं तर परतीच्या तपासणीत स्कॅनर फिरवत ताटकळावं लागत नाही.

जातीचे नियम मात्र निघण्याआधीच तपासायचे. फ्रान्समध्ये रॉटवायलर आणि त्याच्यासारखे दिसणारे कुत्रे धोकादायक कुत्र्यांच्या दुसऱ्या वर्गात मोडतात; सार्वजनिक जागी पट्टा आणि मुसकं सक्तीचं. पिटबुल आणि बोअरबोलच्या धाटणीचे, वंशावळीचा दाखला नसलेले कुत्रे पहिल्या वर्गात, आणि त्यांना देशात आणताच येत नाही. कुत्रा संकराचा असेल तर तो कसा दिसतो यावरच ठरतं, तेव्हा दाखला बरोबर हवा. डेन्मार्कने २०१० पासून १३ जातींवर बंदी घातली आहे, त्यात कांगालसारखे मेंढपाळी कुत्रेही येतात. इटलीत पट्टा दीड मीटरपेक्षा लांब नको आणि मुसकं जवळ असायला हवं, मग कुत्रा कितीही गरीब असो. मुसकं घालायची सवय घरीच लावा, आणि तोंड उघडून धापा टाकता येतील असं जाळीचं घ्या. कापडी मुसकं उन्हात धोक्याचं असतं.

वजन आणि डिकी

बहुतेक जण कॅराव्हॅनच्या वजनाचा विचार करतात आणि गाडीच्या वजनाचा विसरतात. कुत्रा कॅराव्हॅनमध्ये बसून प्रवास करत नाही. ओढताना मागचा डबा झुलतो, आत गरम होतं, आणि काही घडलं तरी पुढे कळत नाही. तो गाडीतच हवा, आणि ब्रिटनच्या हायवे कोडच्या नियम ५७ प्रमाणे बांधलेला किंवा पिंजऱ्यात.

आता हिशेब करून बघा. गाडीची भारक्षमता चालक धरून झाल्यावर ४८० किलो उरते असं धरा. सोबतचा प्रवासी ७०, दोन मुलं ८०, कुत्रा ५५, पिंजरा २५, सामान ६०, नंतर बसवलेला टो-बार (ओढण्यासाठीचा दांडा) २५, आणि कॅराव्हॅनच्या नाकाचा टो-बॉलवर, म्हणजे त्या दांड्याच्या जोडगोळ्यावर, येणारा भार ८५. झाले ४०० किलो. कागदावर ठीक आहे. पण यातले कुत्रा, पिंजरा आणि नाकाचा भार मिळून १६५ किलो मागच्या आसाच्याही मागे आहेत. ते गाडीची शेपटी दाबतात आणि पुढची चाकं हलकी करतात. स्टिअरिंग सैल वाटतं आणि कॅराव्हॅन डोलायला लागते. म्हणून मागच्या आसाची मर्यादा गाडीच्या प्लेटवरून वेगळी बघा, मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराची हवा भरा, आणि नाकाचा भार मोजताना कुत्रा गाडीत बसलेला असू द्या. शेपटी खाली गेली की टो-बॉलची उंची बदलते आणि आकडाही बदलतो. निघण्यापूर्वी एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जा, कुत्र्यासकट.

दुसरी गोष्ट जागेवर करून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. कॅराव्हॅन जोडलेली असताना डिकीचं दार अनेकदा तिच्या पुढच्या लहान चाकाच्या दांड्याला अडतं. उघडलं तरी समोर लोखंडी त्रिकोणी सांगाडा असतो, त्यामुळे रॅम्प सरळ टेकवता येत नाही आणि अवजड कुत्रा तिथून उडीही मारू शकत नाही. रॅम्प तिरपा लावून चालतं का ते घरीच पाहा. नसेल चालत तर मागच्या सीटचा एक भाग आडवा पाडून कुत्र्याला बाजूच्या दारातून घ्या. पिंजऱ्याला सीटच्या बाजूनेही दार असलेलं बरं, कारण मागून धक्का बसला तर डिकी उघडेलच याची खात्री नाही. पिंजरा विकत घेताना चाकांच्या कमानींमधली रुंदी आणि तिरक्या काचेखालची उंची मोजा. नुसती जमिनीची लांबी मोजली तर फसगत होते.

खाडी ओलांडायला गाड्या वाहून नेणारी फोकस्टन–कॅले रेल्वे सर्वांत सोपी. ३५ मिनिटं, आणि तुम्ही गाडीतच कुत्र्याजवळ असता. बोटीवर कुत्र्यासह राहता येईल अशा केबिन मोजक्या असतात आणि उन्हाळ्यासाठी फार लवकर भरतात. केबिन नसेल तर कुत्रा बंद गाडीत वाहनांच्या डेकवर राहतो. पोर्ट्समथ–सँटान्डरसारख्या एका दिवसाहून लांब प्रवासात हे करू नये. गाडीचा अलार्म बंद ठेवा, नाहीतर कुत्रा हलला की तो वाजत राहतो.

डब्यात आणि मुक्कामाच्या तळावर

कॅराव्हॅन गाडीपासून सोडवल्यावर चारही कोपऱ्यांचे पाय खाली उतरवल्याशिवाय कुत्र्याला आत सोडू नका. ५० किलोचा प्राणी मागच्या टोकाला धावला तर डबा मागे कलंडू शकतो.

अंथरूण टाकताना जमिनीतली गॅसचे झरोके कुठे आहेत ते आधी शोधा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर त्या भोकांतूनच बाहेर पडतो. मोठ्या कुत्र्याची गादी नेमकी त्यांवर येते, आणि केसही जाळीत अडकतात. दर दोन-तीन दिवसांनी ब्रशने साफ करा. दाराची पायरी उंच आणि घसरडी असते. रुंद, रबर लावलेली पायरी ठेवा, विशेषतः वयस्कर कुत्र्याच्या कमरेसाठी. डासांच्या जाळीचं दार मोठा कुत्रा एका धडकेत फाडतो, तेव्हा खालचं अर्धं दार बंद ठेवा. बाहेर बांधायचं असेल तर साखळी तंबूच्या खांबाला किंवा डब्याच्या पायाला नको. जमिनीत पिळून बसवायचा स्क्रू-खुंटा वापरा किंवा चॅसिसला बांधा.

जागा आरक्षित करताना नुसतं ‘कुत्रा चालतो का’ असं विचारून भागत नाही. वजनाची किंवा जातीची अट आहे का, कुत्र्याला जागेवर एकटं ठेवू देतात का, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जवळचा समुद्रकिनारा कुत्र्यांना खुला आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

उकाड्याचं गांभीर्य अनेकांना उशिरा कळतं. बाहेर २२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत तापमान जाऊ शकतं, आणि उन्हातली कॅराव्हॅनही तापतेच. एअर कंडिशनर लावून कुत्र्याला सोडून जाऊ नका. फ्रान्समध्ये अनेक तळांवर वीजजोडणी ६ अँपिअरची असते, म्हणजे जेमतेम १,४०० वॉट. फ्रिज आणि पाण्याचा हीटर चालू असताना एसी सुरू झाला की फ्यूज उडतो आणि तुम्ही बाजारात असता. उष्माघाताची चिन्हं दिसली, म्हणजे थांबत नसलेल्या धापा, चिकट लाळ, झोकांड्या, तर सावलीत नेऊन अंगभर गार पाणी ओता आणि वारा घाला. आधी थंड करा, मग दवाखाना. पिण्याचं पाणी किलोमागे दिवसाला ५०–६० मिलिलिटर धरा, म्हणजे ५५ किलोला सुमारे तीन लिटर. उन्हात त्याच्या दुप्पट.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसण्याची भीती असते. कुत्रा ओकारीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, पोट ताठ झालंय, बेचैन आहे, असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. हा काही तासांचाच खेळ असतो. रोज पोचल्या-पोचल्या चोवीस तास उघडा असणारा सर्वांत जवळचा पशुदवाखाना नकाशावर शोधून ठेवा. निघण्याच्या तोंडावर पोटभर खायला घालू नका.

खाण्याची आणखी एक अडचण आहे. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस किंवा दूध असलेलं खाद्य नेता येत नाही, आणि त्यात कुत्र्याचं खाद्यही आलं. वैद्यकीय कारणासाठीच्या खास खाद्याला २ किलोपर्यंत सूट आहे, पण मोठ्या कुत्र्याला ते फार दिवस पुरत नाही. तिकडेही मिळणाऱ्या ब्रँडवर निघण्याआधी सात-आठ दिवसांत हळूहळू आणा. एकदम बदललं तर जुलाब होतात, आणि कॅराव्हॅनमध्ये मोठ्या कुत्र्याचे जुलाब म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

दक्षिणेकडे, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीस, पोर्तुगाल किंवा फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर जाणार असाल तर तिथे वालुमाशीपासून लेशमनियासिस हा आजार होतो. ती २–३ मिलिमीटरची असल्याने साधी मच्छरजाळी तिला अडवत नाही. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा गळपट्टा निघण्याआधी एक-दोन आठवडे घाला, कारण त्याला भिनायला वेळ लागतो, आणि मानेच्या मापाप्रमाणे मोठा आकार घ्या. संध्याकाळ ते पहाट कुत्रा आत ठेवा. पंखा लावला की तिला उडता येत नाही. हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत पाइनच्या झाडांखाली एकामागे एक रांगेत चालणारे सुरवंट दिसले तर कुत्र्याला दूर ओढा. त्यांना तोंड लागलं तर जीभ सडू शकते. रोज रात्री पंज्यांच्या बोटांमध्ये, काखेत आणि कानांत गोचीड आणि गवताच्या कुसळांसाठी हात फिरवा.

डासांपासून होणाऱ्या हृदयकृमीसाठीची मासिक गोळी परतल्यावरही किमान एक महिना चालू ठेवा. लेशमनियासिसची लक्षणं कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतात, म्हणून पुढे कधी कुत्रा वाळत गेला, डोळ्यांभोवतीचे केस गळले किंवा लंगडायला लागला, तर तो कोणत्या साली कुठे होता हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा.