शिराझची ओळख, नागपूरच्या उकाड्यात

भारदस्त रेड वाइन समजून घ्यायची तर शिराझपासून सुरुवात करा. हे द्राक्ष नाशिककडेही लावतात, त्यामुळे बाटली शोधत फिरावं लागत नाही. फ्रान्समध्ये यालाच सिरा म्हणतात. इराणमधल्या शिराझ शहराशी त्याचं नातं जोडणाऱ्या गोष्टी खूप ऐकाल, पण डीएनए तपासणीत ते दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या फ्रेंच जातींचंच लेकरू निघालं.

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्या, हा सल्ला नागपुरात विसरा. तो थंड देशांतल्या घरांचा आहे, म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच पस्तिशीला असते! तेव्हा बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, डिसेंबरात वीसेक मिनिटं पुरतात. कोमट वाइनमध्ये नाकाला आधी अल्कोहोलच झोंबतं.

मग दोन काळे मिरे ठेचून हुंगा आणि लगेच ग्लास नाकाशी न्या. मिऱ्यातलं रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही असतं. दर पाचांतल्या साधारण एकाला ते जाणवतच नाही, म्हणून वास आला नाही तर नाकाला दोष देऊ नका. उष्ण भागातल्या शिराझमध्ये मिरी मागे पडते, पिकलेल्या फळाचा गोडसर वास पुढे येतो. घोटानंतर जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते, ती टॅनिन या तुरट द्रव्यामुळे.

सोबत सावजी रस्सा मात्र नको. टॅनिन आणि अल्कोहोलने तिखटाची आग आणखी भडकते, आणि चव दोघांचीही जाते. कमी तिखटाचं भाजलेलं मटण चालेल.