सीझनच्या शेवटच्या भागाचे परीक्षण कसे लिहावे

अमेरिकी कार्यालयीन विनोदी मालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग पाहून झाल्यावर लगेच लिहायला बसले की बहुतेक परीक्षणे अखेरच्या दोन मिनिटांभोवतीच फिरत राहतात. ती दोन मिनिटे सर्वांनीच पाहिलेली असतात. आधीच्या वीस मिनिटांनी त्यांची तयारी कशी केली, हे सांगणे हे परीक्षणाचे खरे काम आहे. उदाहरणासाठी 'द ऑफिस'च्या अमेरिकी आवृत्तीच्या दुसऱ्या सीझनचा 'कॅसिनो नाइट' हा कार्यालयातील कॅसिनो पार्टीवर बेतलेला शेवटचा भाग घेऊ. एनबीसी वाहिनीवर तो 11 मे 2006 रोजी दाखवला गेला; त्याचे लेखन मालिकेचा प्रमुख अभिनेता स्टीव्ह करेल याने आणि दिग्दर्शन केन क्वापिस याने केले होते.

लिहिण्यापूर्वी सीझनभर लांबवत नेलेला प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवावा. येथे तो असा आहे: रॉयशी लग्न ठरलेल्या पॅमला तिचा कार्यालयातील सहकारी जिम आपल्या मनातले सांगणार की नाही? दुसऱ्या सीझनच्या बावीस भागांमध्ये हा प्रश्न कधी थेट, तर कधी एखाद्या नजरेतून पुढे सरकत राहतो. तो नीट मांडता आला नाही, तर परीक्षणाचे रूपांतर कथासारात होते.

भाग दोनदा पाहावा. पहिल्यांदा मोकळेपणाने हसावे आणि टिपणे काढू नयेत. दुसऱ्यांदा मात्र प्रत्येक विनोदाजवळ थांबून, हा प्रसंग वगळला तर शेवटच्या दृश्याचे काय बिघडेल, असे स्वतःला विचारावे. सहकारी ड्वाइटची खोडी काढण्यासाठी जिम केवळ मनाच्या शक्तीने कोट अडकवण्याचा स्टँड हलवून दाखवतो आणि प्रत्यक्षात पॅम छत्रीने तो हळूच सरकवत असते. वरवर पाहता ही निव्वळ गंमत आहे. परंतु या दोघांना एकमेकांशी एक शब्दही न बोलता एकच खेळ खेळता येतो, हे दाखवणारा याहून सोपा पुरावा दुसरा नाही. पॅमच्या लग्नात वाजवणारा बँड निवडण्यासाठी दोघे मिळून चित्रफिती पाहतात, तेथेही तेच घडते: विनोद सहकारी केविनच्या बँडवर होतो, पण ते लग्न जिमचे नाही, ही गोष्ट प्रेक्षकाला आतून टोचत राहते. पुढे रॉय पार्टीतून लवकर निघताना पॅमकडे लक्ष ठेवायला जिमलाच सांगून जातो. अशा ओळी परीक्षणात आवर्जून नोंदवाव्यात, कारण बोलणाऱ्याला त्यांचा अर्थ कळत नाही आणि प्रेक्षकाला तो पुरेपूर कळतो.

दुय्यम कथानकाला फार जागा देऊ नये. शाखेचा व्यवस्थापक मायकेल एकाच संध्याकाळी आपली वरिष्ठ जॅन आणि ओळखीची कॅरल या दोघींना बोलावून बसतो, ही फजिती मजेशीर आहे. परंतु मायकेलला दोन पर्याय आणि जिमला एकही नाही, हा विरोध दाखवण्यापुरतीच ती आपल्या कामाची.

चित्रीकरणाविषयी लिहिताना मालिकेची चौकट ध्यानात ठेवावी. ही कथा माहितीपटाच्या धर्तीवर सांगितली जाते, पात्रे मधूनमधून कॅमेऱ्याशी बोलतात, आणि तिला पार्श्वसंगीत किंवा ध्वनिमुद्रित हशा नाही. त्यामुळे वाहनतळावर जिम प्रेमाची कबुली देतो आणि पॅम नकार देते, तेव्हा प्रेक्षकाला काय वाटावे हे सुचवायला कोणतीही धून मदतीला येत नाही. नंतर पॅम अंधाऱ्या कार्यालयात आईशी फोनवर बोलते, तेव्हा आपल्याला फक्त तिचीच बाजू ऐकू येते. आईने काय विचारले ते कळत नाही, केवळ पॅमचा अडखळता होकार कळतो. माझ्या मते संपूर्ण भागातील सर्वांत धाडसी लेखन ते हेच. लगेच येणाऱ्या जिम-पॅमच्या चुंबनापेक्षाही त्या न ऐकलेल्या प्रश्नावर एक परिच्छेद खर्च करणे अधिक योग्य ठरेल.

भाग नेमका कोठे तोडला आहे, हेही लिहावे. चुंबनानंतर कोणीही स्पष्टीकरण देत नाही आणि पडद्यावर श्रेयनामावली येते. अमेरिकेतील वाहिन्यांवर सीझन साधारणपणे सप्टेंबर ते मे असा चालत असल्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला उत्तरासाठी 21 सप्टेंबर 2006 पर्यंत थांबावे लागले. आज सगळे सीझन सलग पाहणाऱ्याला ही प्रतीक्षा जाणवत नाही, म्हणून परीक्षणात तिचा उल्लेख करावा. मात्र जिम कंपनीच्या स्टॅमफर्ड शहरातील शाखेत गेला आणि पॅमने लग्न मोडले, ही तिसऱ्या सीझनची माहिती येथे आणू नये. ती त्या सीझनच्या पहिल्या भागावरील लेखासाठी राखून ठेवावी.