फील्ड वॉच जमवताना आधी डायल तपासा

फील्ड वॉच म्हणजे सैनिकाला लागेल असे घड्याळ: ठळक आकडे, अंधारात दिसणारे काटे, नक्षी अजिबात नाही. सुरुवातीला तीन देशांतली तीन घ्या. भारताचे एचएमटी पायलट, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी ए-११ (केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, जेमतेम ३२ मिमी) आणि ब्रिटिश स्मिथ्स डब्ल्यू१०, जे १९६७ ते १९७० या काळात बनले. १९४५ च्या ब्रिटिश लष्करी घड्याळांचा बारा कंपन्यांचा पूर्ण संच करण्याचा मोह टाळा. त्यातले ग्राना कंपनीचे एकटे घड्याळच सारे बजेट गिळते.

पायलट घेताना सर्वांत जास्त फसगत होते, कारण पुन्हा रंगवलेल्या डायलची घड्याळे बाजारात भरपूर आहेत. दहापट भिंग घेऊन अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईत त्या धारदार असतात. नव्यात शाई पसरलेली दिसते आणि मिनिटांच्या रेघा आकड्यांशी नीट जुळत नाहीत. आकडे हिरवेगार आणि काटे पिवळट असतील, तर दोन्हींपैकी एक बदललेले आहे. पन्नास वर्षांचे घड्याळ आणि डायलवर एकही डाग नाही, तर दुकानातून सरळ बाहेर पडा. मशीन दुरुस्त होते, गेलेली डायल परत येत नाही.

मग चावी द्या. वीसेक फेऱ्यांत चावी घट्ट होत गेली पाहिजे. गरगर फिरतच राहिली तर स्प्रिंग तुटलेली असू शकते. ए-११ आणि डब्ल्यू१० ची चावीची गुंडी बाहेर ओढली की सेकंद काटा थांबायला हवा. घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावत असेल तर ते चुंबकाच्या संपर्कात आलेले असू शकते. त्याला चुंबकत्व काढणारे यंत्र पुरते, पूर्ण सर्व्हिसिंगची घाई नको.

डब्ल्यू१० च्या पट्ट्याच्या कांड्या केसला पक्क्या जोडलेल्या असतात. त्या कापू नका. १८ मिमीचा नायलॉनचा एकसलग पट्टा खालून ओवा.

एक इशारा गांभीर्याने घ्या. युद्धकाळातल्या काट्यांवर अनेकदा अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो. चमक विझली तरी किरणोत्सार कायम असतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य (ते निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षे आहे. अशी केस घरी उघडू नका, लेप खरवडू नका. घड्याळ उशाशी ठेवू नका, हवेशीर कपाटात ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती ओलसर झाली की बदला.